घोडदळ ते पोलोग्राउंड : होळकरशाहीचा उदय आणि अस्त

पोलोग्राउंड हे इंदुरातील एका औद्योगिक वसाहतीचे नाव आहे. कारखान्यांच्या भिंती, मालमोटारी आणि विजेच्या कंपनीची कचेरी एवढाच त्या नावाचा आजचा अर्थ. तेथे घोडा दिसत नाही. तो नावात तेवढा राहिला आहे. होळकरांचे राज्य ज्या घोड्यावर उभे राहिले, त्याची अखेरची खूण या नावात उरावी, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

या राज्याची सुरुवात एखाद्या अद्भुत कथेसारखी सांगितली जाते. मेंढरे राखताना निजलेल्या धनगराच्या पोरावर नागाने फणा धरला आणि पोर पुढे राजा झाला, ही गोष्ट इंदूरच्या मराठी घरांतून आम्ही सर्वांनीच ऐकली आहे. अशीच गोष्ट अन्य राजकुळांविषयीही सांगितली जाते, तेव्हा तिच्या खरेखोटेपणाचा वाद नको. तिच्यामुळे एक गोष्ट मात्र झाकली जाते. नीरेकाठच्या होळ गावी १६९३ साली जन्मलेला मल्हार वाढला तो खानदेशात तळोद्यास, मामा भोजराज बारगळ यांच्या घरी. आणि हे मामा कदमबांड्यांच्या चाकरीत घोडेस्वारांचे पथक बाळगून होते. मल्हाररावांचे नशीब उघडले ते त्या पथकात.

त्या काळी बारगीर सरकारी घोड्यावर बसे, तर शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन येई. ज्याच्या मागे शिलेदार अधिक, त्याचे वजन अधिक. पण घोड्याला रोज दाणावैरण लागते, स्वारास पगार लागतो, आणि तो भागवायला नवा मुलूख, नवी चौथाई लागते. मल्हाररावांनी बाजीरावाच्या माळव्यातील मोहिमांत हे गणित साधले. १७३० च्या सुमारास माळव्याचा सरंजाम आणि १७३४ साली पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगीची सनद मिळाली. सरंजाम फौजेचा आणि खासगी घरची, ही विभागणी पुढे फार उपयोगी पडली. अहिल्याबाईंच्या घाटांना आणि देवळांना पैसा पुरला तो या खासगीतून.

अहिल्याबाईंची कारकीर्द (१७६७ ते १७९५) हा या राज्याचा सुवर्णकाळ, याविषयी दुमत नाही. तरी आमच्या गौरवलेखांतून एक बाब सहसा सुटते. राज्याची तिजोरी महेश्वरी होती आणि फौज तुकोजी होळकरांबरोबर दूर मुलखात होती. पैशावरून दोहोंत सतत कुरबूर चाले. १७९३ साली लाखेरीस शिंद्यांच्या कवायती पलटणींनी होळकरांचा मोड केला, तेव्हाच नुसत्या घोडदळाचे दिवस भरल्याचे दिसून आले होते.

यशवंतरावांनी ते दिवस मोठ्या हिमतीने लांबवले. १८०१ साली त्यांनी उज्जैन लुटले. त्याचा सूड म्हणून सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटले. मराठ्यांनी मराठ्यांची शहरे लुटावीत, हे आम्हांस कर्नल मॉन्सनच्या फजितीहून अधिक लक्षात ठेवण्यासारखे वाटते. १८०२ साली हडपसरावर पेशवा व शिंदे यांचा पराभव झाला, आणि पळालेला बाजीराव वसईस इंग्रजांच्या ओंजळीने पाणी पिऊ लागला. १८०४ साली मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्यापर्यंत मॉन्सनचा पाठलाग करून यशवंतरावांच्या स्वारांनी आपला अखेरचा मोठा पराक्रम गाजवला. १८११ साली भानपुऱ्यास ते वारले.

पुढची सहा वर्षे बेदिलीची. महिदपूरच्या लढाईच्या आदल्या रात्री तुळसाबाईंचा शिरच्छेद त्यांच्याच लष्करातील लोकांनी केला. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेकाठी पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, राजपूत संस्थानांवरील हक्क गेले. जादा फौज मोडावयाची, पण तीन हजार स्वार मात्र इंग्रजांच्या मदतीस तयार ठेवावयाचे, असेही ठरले. राज्याचा अस्त १९४८ चा म्हणून सांगतात. आमच्या मते तो मंदसोरचा. राज्याने घोडा पोसावा, पण लगाम दुसऱ्याच्या हाती असावा, हे त्या दिवशी ठरले.

यानंतर राजधानी इंदुरास आली आणि शहर खऱ्या अर्थाने वाढले. तात्या जोगांनी विस्कटलेला कारभार सावरला. दुसऱ्या तुकोजीरावांनी कापडाची गिरणी काढली आणि खांडवा-इंदूर लोहमार्गासाठी एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने १०१ वर्षांच्या मुदतीवर इंग्रज सरकारला कर्जाऊ दिले. मुलूखगिरीवर जगलेल्या घराण्याने सावकारी करावी, ही उणी बाब नव्हे. उरलेला घोडा खेळात आला. जुन्या काळी ज्यास चौगान म्हणत, त्याचा मणिपुरी अवतार इंग्रजांनी उचलला आणि पोलो म्हणून तो संस्थानोसंस्थानी रुजला.

राजांवरचा अंमल मात्र ढिला झाला नाही. शिवाजीराव १९०३ साली आणि तिसरे तुकोजीराव बावला खून प्रकरणानंतर १९२६ साली, असे लागोपाठ दोन महाराज गादीवरून उतरले. शेवटच्या यशवंतरावांनी माणिकबाग राजवाडा जर्मन वास्तुकार मुथेसियसकडून बांधवून घेतला, तो अभिरुचीचा नमुना आहे. १९४८ साली त्यांचे राज्य मध्य भारतात विलीन झाले. त्यांच्या आश्रयास वाढलेला, सी. के. नायडूंचा होळकर क्रिकेट संघ मात्र जुन्याच नावाने खेळत राहिला. विलीनीकरणानंतरही त्याने १९५०-५१ आणि १९५२-५३ साली रणजी करंडक जिंकला, आणि १९५४-५५ चा अंतिम सामना तो इंदुरातच मद्रासकडून हरला. पुढच्या हंगामात संघाचे नाव मध्य भारत झाले.