मालकिणीचं नाव घ्यायचं नाही

डब्ल्यूएनबीए ही अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिच्या २०२० च्या हंगामाचा गुणतक्ता काढून पाहिला, तर ‘अटलांटा ड्रीम’ हा संघ खालच्या भागात सापडतो. २२ सामने, ७ विजय, १५ पराभव. बारापैकी आठ संघ बाद फेरीत गेले, त्यात ड्रीम नव्हता. तक्ता इथेच संपतो. पण त्या वर्षी अमेरिकेच्या राजकारणात सगळ्यात लांबवर पोचलेला संघ कोणता, असं विचारलं तर उत्तर हाच हरलेला संघ असं द्यावं लागेल.

या संघाला हरण्याची सवय नवी नव्हती. २००८ च्या पहिल्याच हंगामात त्यांनी ३४ पैकी फक्त ४ सामने जिंकले. नंतर संघ सावरला. २०१०, २०११ आणि २०१३ अशा तीन वेळा अंतिम फेरीत पोचला, आणि तिन्ही वेळा तिथे एकही सामना न जिंकता परतला. याच काळात संघाच्या सहमालकीण झाल्या केली लोफलर, अटलांटातल्या एक श्रीमंत उद्योजिका. त्या सामन्यांना कोर्टच्या कडेला बसत, खेळाडूंना भेटत. मालक आणि खेळाडू यांच्यात फारसा तंटा नव्हता.

जानेवारी २०२० मध्ये चित्र बदललं. जॉर्जिया राज्यातली सिनेटची एक जागा रिकामी झाली आणि राज्यपालांनी तिथे लोफलर यांची नेमणूक केली. ही जागा टिकवायची तर नोव्हेंबरमध्ये पोटनिवडणूक जिंकावी लागणार होती. त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे डग कॉलिन्स त्यांच्याविरुद्ध उभे होते. ट्रम्प यांचा जास्त निष्ठावान कोण, याची दोघांत चुरस सुरू झाली.

मार्चमध्ये लुईव्हिल शहरात पोलिसांनी रात्री घरात घुसून ब्रिओना टेलर या २६ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणीला गोळ्या घातल्या. मे महिन्यात जॉर्ज फ्लॉइड. देश रस्त्यावर उतरला. डब्ल्यूएनबीएमधल्या बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय. त्यांच्या संघटनेने आणि लीगने मिळून ठरवलं, की हा हंगाम ब्रिओना टेलर आणि तिच्यासारख्या मारल्या गेलेल्या स्त्रियांच्या नावाने खेळायचा. जर्सीवर तिचं नाव लिहायचं.

७ जुलैला लोफलर यांनी लीगच्या आयुक्त कॅथी एंगेलबर्ट यांना पत्र लिहिलं. ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ या चळवळीला आपला विरोध आहे, खेळात राजकारण नको, त्यापेक्षा प्रत्येक जर्सीवर अमेरिकेचा झेंडा लावा, असा त्या पत्राचा सूर होता. स्वतः निवडणूक लढवणारी व्यक्ती खेळात राजकारण नको म्हणत होती.

खेळाडू चिडल्या. लोफलर यांना बाहेर काढा, अशी मागणी संघटनेने उघडपणे केली. लीगचं म्हणणं असं, की त्या आता संघाच्या रोजच्या कारभारात नाहीत आणि आम्ही कुणाला मालकी विकायला भाग पाडणार नाही.

इथे खरी अडचण होती. जितका आरडाओरडा होईल तितका तो मालकिणीच्या पथ्यावर पडणार होता. खेळाडूंनी टीका केली की त्यांना टीव्हीवर जाऊन सांगता येत होतं, ‘बघा, मला गप्प करायला निघालेत.’ कॉलिन्स यांच्याशी चाललेल्या चुरशीत हे आयतं भांडवल होतं.

दरम्यान सगळे संघ फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटनमध्ये एका क्रीडासंकुलात बंदिस्त झाले होते. ‘बबल’ हा शब्द आपल्याला आयपीएलमुळे पाठ झाला, तसाच हा बबल. एरवी देशभर पांगलेल्या बारा संघांच्या खेळाडू पहिल्यांदाच एका आवारात राहत होत्या. बैठका घेणं सोपं झालं. २५ जुलैच्या पहिल्या सामन्यात राष्ट्रगीत सुरू व्हायच्या आधी दोन्ही संघ मैदान सोडून आत गेले, आणि परतल्यावर ब्रिओनासाठी २६ सेकंदांचं मौन पाळलं गेलं.

त्याच दिवसांत सिएटल स्टॉर्मची ज्येष्ठ खेळाडू सू बर्ड हिने एक कल्पना मांडली. मालकिणीविरुद्ध बोलणं थांबवू, त्यांचं नावही घेणं थांबवू, आणि त्यांच्या विरोधातल्या उमेदवाराचं नाव घेऊ. तो उमेदवार म्हणजे राफाएल वॉर्नॉक, मार्टिन ल्यूथर किंग ज्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चमध्ये धर्मोपदेशक होते त्याच चर्चचे पाद्री. जुलै अखेरच्या एका जनमत चाचणीत त्यांना फक्त ९ टक्के पाठिंबा होता. खेळाडूंनी घाई केली नाही. आधी त्यांच्याशी ऑनलाइन बोलल्या, त्यांची मतं तपासली, मग ठरवलं.

४ ऑगस्टला ड्रीमच्या खेळाडू सामन्याला आल्या त्या काळे टी-शर्ट घालून. त्यावर दोनच शब्द : ‘व्होट वॉर्नॉक’. इतर संघांच्या खेळाडूंनीही तेच घातले. सामना देशभर दाखवला जात होता. पुढच्या दोन दिवसांत वॉर्नॉक यांच्या प्रचाराला १,८५,००० डॉलरहून जास्त देणग्या आल्या.

मैदानावर मात्र संघाचं काही जमत नव्हतं. रेने माँटगोमरी आणि टिफनी हेज या दोन अनुभवी खेळाडू हंगामातून बाहेर होत्या. नवखी शेनेडी कार्टर धावा घ्याव्यात तसे गुण घेत होती, पण संघ हरत होता. २६ ऑगस्टला, जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय माणसावर पोलिसांनी पाठीमागून गोळ्या झाडल्यानंतर, खेळाडूंनी सामने थांबवले. तेव्हा कॅमेऱ्यासमोर सगळ्यांचं निवेदन वाचून दाखवलं ते ड्रीमच्या एलिझाबेथ विल्यम्सने. ती संघटनेची सचिव होती.

३ नोव्हेंबरला वॉर्नॉक सुमारे ३३ टक्के मतं घेऊन पहिले आले. लोफलर सुमारे २६ टक्क्यांवर. कुणालाच निम्मी मतं नसल्याने ५ जानेवारी २०२१ ला दोघांत फेरमतदान झालं आणि वॉर्नॉक ५१ टक्के मतांनी जिंकले. जॉर्जियाचे ते पहिले कृष्णवर्णीय सिनेटर. त्याच दिवशी राज्यातली दुसरी जागाही डेमोक्रॅट्सना मिळाली आणि सिनेट ५०-५० अशी बरोबरीत आली. दोनच महिन्यांनी १.९ लाख कोटी डॉलरचं कोविड मदत विधेयक तिथे ५० विरुद्ध ४९ मतांनी मंजूर झालं.

हे सगळं टी-शर्टमुळे झालं, असं म्हणणं खोटं ठरेल. जॉर्जियात मतदार नोंदणीचं काम कृष्णवर्णीय कार्यकर्त्या वर्षानुवर्षं करत होत्या. रिपब्लिकन मतं दोन उमेदवारांत फुटली होती. पण ऑगस्टमध्ये, जेव्हा वॉर्नॉक हे नाव फार थोड्यांना माहीत होतं, तेव्हा ते देशभर पोचवायला खेळाडूंनी मोठा हातभार लावला, हे नाकारता येत नाही.

आणि हे त्यांनी नोकरीत राहून केलं. पगाराचा चेक जिच्या संघातून येतो, तिच्याविरुद्ध. हे धाडस एकेकटीचं असतं तर एकेकटीला घरी बसवणं सोपं होतं. २०१६ मध्ये निषेधाचे टी-शर्ट घातले म्हणून लीगने काही संघांना आणि खेळाडूंना दंड ठोठावला होता, आणि सगळ्याजणी एकत्र उभ्या राहिल्यावर तो मागे घेतला होता. चार वर्षांनी तीच लीग स्वतः ब्रिओनाचं नाव जर्सीवर छापत होती. मधल्या काळात संघटना मजबूत झाली होती. तिने नवा करार करून पगार वाढवून घेतले होते, आणि हंगाम छोटा झाला तरी पूर्ण पगार पदरात पाडून घेतला होता. ४ ऑगस्टच्या टी-शर्टमागे एवढी तयारी होती.

फेब्रुवारी २०२१ मध्ये संघ विकला गेला. नव्या तीन मालकांपैकी एक होती रेने माँटगोमरी, सामाजिक कामासाठी २०२० चा हंगाम सोडून बसलेली तीच खेळाडू. डब्ल्यूएनबीएच्या माजी खेळाडूने संघाची मालकी आणि कारभार दोन्ही हाती घेण्याची ती पहिलीच वेळ.

नव्या मालकांच्या पहिल्या हंगामात ड्रीमने ३२ सामने खेळले. जिंकले ८.