बोकडाची पारख

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोलुमेला नांवाचा एक रोमन ग्रंथकार होऊन गेला. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील गादेस, म्हणजे आजचें कादिझ, हें त्याचें गांव. शेती आणि पशुपालन या विषयांवर त्यानें लॅटिन भाषेंत बारा पुस्तकांचा एक विस्तृत ग्रंथ लिहिला असून त्यांतील सातव्या पुस्तकांत शेळ्यांविषयीं एक स्वतंत्र प्रकरण आहे. कळपासाठीं बोकड कसा निवडावा हें सांगतांना तो म्हणतो कीं, वादळी व पावसाळी मुलुखांत शेळ्या शिंगाळ असल्या तरी चालतील, पण कळपाचा नर मात्र सर्व काळीं आणि सर्व प्रदेशांत भुंडाच असावा. कारण शिंगाळ बोकड मस्तवाल असतो आणि त्यापासून इजा पोंचते. ज्याच्या गळ्याखालीं मांसाचे दोन लोलक लोंबतात तो बोकड उत्तम, असेंही तो सांगतो. याच लोलकांवरून आपल्याकडील पंडितांनीं 'अजागलस्तनन्याय' बनविला आणि निरुपयोगी वस्तूचा नमुना म्हणून त्यांस कायमचें नांवारूपास आणलें, ही गंमत बाजूस ठेवूं. कोलुमेलाचा पहिला उपदेश मात्र गंमतीवारी नेण्यासारखा नाहीं. युरोपांतील शेळीपालकांनीं तो अठराशें वर्षांनंतर, बहुधा त्याचें नांवही न ऐकतां, अक्षरशः पाळला. आणि त्यांच्या कळपांत दिसण्यांत धडधाकट पण वांझ बोकड आणि धड नर ना धड मादी अशीं करडें जन्मास येऊं लागलीं. हें कां घडतें याचा पुरता उलगडा होण्यास २००१ साल उजाडावें लागलें.

शहरी वाचकाला बोकडाचें वांझपण ही क्षुल्लक बाब वाटेल. परंतु हिशेब करून पाहावा. शेळी सुमारें एकवीस दिवसांनीं माजावर येते आणि गाभण राहिल्यापासून सुमारें दीडशें दिवसांनीं विते. एका शेळीनें दगा दिला तर एकाच घरचें दूध व करडें बुडतात. पण एका बोकडामागें पंचवीस-तीस शेळ्या असतात, आणि त्यानें दगा दिला तर साऱ्या वस्तीचा हंगाम बुडतो. थंड देशांत शेळ्या मुख्यतः शरद ऋतूंतच माजावर येतात. तेथें ही चूक दोन महिन्यांनीं लक्षांत आली तर वर्षच हातचें गेलें. ज्या कुटुंबाजवळ जमीन नाहीं, गाय नाहीं, आहेत त्या तीन शेळ्या, त्याच्या दृष्टीनें हा प्रश्न भाकरीचा आहे.

थोडे नर आणि पुष्कळ माद्या राखण्याची युक्ति मात्र फार जुनी. इराणांतील झाग्रोस पर्वतांत गंज दारे म्हणून एक प्राचीन वसाहतीचें टेकाड आहे. तेथील सुमारें दहा हजार वर्षांपूर्वींच्या शेळ्यांच्या हाडांचा अभ्यास मेलिंडा झेडर आणि ब्रायन हेस या संशोधकांनीं २००० सालीं प्रसिद्ध केला. त्यांना असें दिसलें कीं बहुतेक नर कोवळ्या वयांतच मारलेले होते आणि माद्या मात्र पुष्कळ वर्षें जगूं दिलेल्या होत्या. शिकारी असें करीत नाहीं. तो मोठ्या नरामागें लागतो. हें काम धनगराचें. म्हणजे शेतीची नुकती कोठें सुरुवात होत असतां माणूस बोकड निवडूं लागला होता. ज्या कळपांत चारच नर राखावयाचे, तेथें त्या चारांपैकीं एक वांझ निघाला तर काय होतें, हेंही त्याला अनुभवानें कळलें असलेंच पाहिजे.

ॲरिस्टॉटलनें या अनुभवाचा एक धागा लिहून ठेवला आहे. लठ्ठ बोकड माजांत मंद असतो, म्हणून ग्रीक गुराखी मिलनाच्या हंगामापूर्वीं त्याला मुद्दाम रोडावीत. आणि जी द्राक्षवेल नुसती पानांनीं माजते पण फळ धरीत नाहीं तिच्यासाठीं ग्रीक भाषेंत बोकडावरूनच एक क्रियापद होतें, असें तो सांगतो. निरीक्षण पक्कें आहे. आजचा पशुवैद्यही प्रजननाच्या बोकडाला चरबी चढूं देऊं नये असेंच म्हणेल. पण प्राचीनांच्या साऱ्या पारखेंत एक मोठा दोष होता. माज आणि फलन हीं दोन्हीं एकच, असें ते धरून चालले. उग्र वास, वरचा ओठ वळवून मूत्र हुंगणें, जीभ काढून घोगरा आवाज करणें, शेळीमागें धांवणें, या खुणा दिसल्या कीं बोकड खरा! वस्तुस्थिति अशी कीं हीं लक्षणें वृषणांतील एका रसायनावर अवलंबून असतात आणि बीज निराळ्या पेशींपासून तयार होतें. बीजाची वाट बंद असलेला बोकड तितक्याच उत्साहानें मिरवतो. आजही मोठ्या कळपांत माजावरील शेळ्या ओळखण्यासाठीं नर मुद्दाम नसबंदी करून सोडतात, आणि तो आपलें काम चोख बजावतो.

ही दोन कामें वेगळीं आहेत हें कळण्यास आधीं बीज डोळ्यांनीं दिसावें लागलें. डेल्फ्ट येथील कापडाचे व्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहुक यांनीं १६७७ सालीं आपल्या सूक्ष्मदर्शक भिंगांतून शुक्रजंतु पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीस तसें कळविलें. तरी पुढें शंभर वर्षें ते जंतु कशासाठीं आहेत यावर वादच चालू होता. इटलींतील लाझ्झारो स्पाल्लान्झानी यांनीं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत बेडकांना तलम कापडाच्या विजारी घालून प्रयोग केले आणि एका कुत्रीस नराविना पिलें होऊं दिलीं. बीज गाळलें तर गाळलेलें पाणी निष्फळ होतें हेंही त्यांनीं पाहिलें. इतकें पाहूनही शुक्रजंतूंचें महत्त्व त्यांनीं मान्य केलें नाहीं. तो निष्कर्ष प्रेव्होस्त आणि द्यूमा या जोडीनें १८२४ सालीं काढला.

विसाव्या शतकांत पहिली महत्त्वाची भर पडली ती उष्णतेच्या प्रश्नावर. एडिंबरो येथील पशुप्रजनन संशोधनाचे प्रमुख फ्रान्सिस क्रू यांनीं १९२२ सालीं असें सुचविलें कीं पोटांत अडकून राहिलेलें वृषण बीज देत नाहीं तें शरीराच्या उष्णतेमुळें. अमेरिकेंत कार्ल मूर यांनीं प्रयोगांनीं हें सिद्ध केलें. बोकडाचीं वृषणें शरीराबाहेर लोंबतात तीं चार-पांच अंशांनीं थंड राहावींत म्हणून. यावरूनच एक गोष्ट स्पष्ट झाली जी गुराख्यांना नेहमीं चकवीत आली होती. बोकडाच्या शरीरांत एक शुक्रजंतु घडण्यास सुमारें अठ्ठेचाळीस दिवस लागतात आणि वाट चालून बाहेर पडण्यास आणखी कांहीं दिवस. म्हणजे कडक ताप येऊन गेलेला बोकड आठवड्याभरांत चरूं लागला, उड्या मारूं लागला, तरी त्या तापाचा परिणाम पुढचे दोन महिने बीजावर दिसूं शकतो. तो कायमचा वांझ नसतो. पण त्या दोन महिन्यांत त्याच्या हवालीं केलेल्या शेळ्या रिकाम्या राहण्याचा संभव मोठा.

आतां भुंड्या बोकडाकडे वळूं. स्वित्झर्लंडमधील सानेन या खोऱ्यांतील पांढऱ्या, भरपूर दूध देणाऱ्या शेळ्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जगभर पसरल्या. गोठ्यांत बांधून ठेवावयाच्या जनावरांना शिंगें अडचणीचीं, म्हणून पैदास करणाऱ्यांनीं भुंड्या नराला भुंडी मादी देण्याचा परिपाठ ठेवला. थोड्याच काळांत द्विलिंगी करडांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. क्रू यांनीं १९२३ सालीं अशा जनावरांचा अभ्यास करून तीं मूळचीं नर असावींत असें मत दिलें. दिसण्यावरून तें सयुक्तिकही वाटत होतें, पण तें उलटें होतें. कॉर्नेल विद्यापीठांतील ॲसडेल यांनीं १९४४ सालीं साधें अंकगणित मांडलें: हीं जनावरें नरांत धरलीं तर नर-माद्यांचें प्रमाण बिघडतें, माद्यांत धरलीं तर बरोबर जुळतें, शिवाय तीं सारीं भुंडीं असतात. बेल्ट्सव्हिल येथील सरकारी संशोधन केंद्रांतील ईटन यांनीं पुढच्याच वर्षीं भुंडेपणाचा आणि या विकृतीचा आनुवंशिक संबंध सविस्तर दाखविला. पुढें १९६० नंतरच्या दशकांत गुणसूत्रें मोजतां येऊं लागलीं आणि हीं करडें गुणसूत्रांनीं मादीच असल्याची खात्री पटली.

नियम असा आहे. भुंडेपणा हा प्रभावी गुण. आईबापांपैकीं एकाकडून तो आला तरी करडूं भुंडें होतें आणि त्याला कांहीं अपाय होत नाहीं. तो दोघांकडूनही आला तर मादी करडाची वाढ नराकडे वळते आणि तें वांझ होतें. नर करडूं बोकडच राहतें, पण अशा बोकडांपैकीं कांहींच्या वृषणावरील बीजवाहक नळी तिच्या वरच्या टोंकाशींच तुंबते. बीज तयार होतें आणि बाहेर पडत नाहीं. माजांत मात्र तिळमात्र उणीव नसते. फ्रान्समधील पायू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००१ सालीं याचें मूळ शोधून काढलें: पहिल्या गुणसूत्रावरील सुमारें ११,७०० अक्षरांचा एक तुकडा गहाळ असतो, आणि त्यामुळें स्त्रीत्व घडविणारा शेजारचा घटक गप्प बसतो. म्हणूनच शुद्ध भुंड्या सानेनांचा कळप कोणाला उभा करतां आला नाहीं. त्यांत विणाऱ्या माद्याच उरणार नाहींत. कोलुमेलाचा सल्ला ज्याला पाळावयाचाच असेल त्यानें भुंड्या बोकडापुढें शिंगाळ शेळी ठेवावी, एवढें पथ्य पुरेसें आहे.

बोकड विकत घेतांना हाताने काय पाहावें, हें आतां बरेंच ठरून गेलें आहे. दोन्हीं वृषणें खालीं उतरलेलीं, सारख्या आकाराचीं, मोकळेपणें हलणारीं आणि दाबल्यास घट्ट पण लवचिक लागावींत. वरच्या टोंकाशीं कठीण गांठ लागली तर नळी तुंबल्याचा संशय घ्यावा. सूज व ऊन लागणें हें जंतुबाधेचें चिन्ह. माल्टा बेटावर थेमिस्टोक्लीस झम्मिट यांनीं १९०५ सालीं ज्या रोगाचें मूळ शेळ्यांच्या दुधांत शोधलें, तोच रोग बोकडाच्या वृषणांनाही सुजवितो आणि माणसांनाही होतो. पिशवीचा घेर फितीनें मोजतात. मोठ्या विलायती जातींच्या प्रौढ बोकडांत तो पंचवीस सेंटिमीटरांहून कमी असूं नये असा संकेत आहे. त्यानंतर सूक्ष्मदर्शक. निरोगी बोकडाच्या एका मिलिलिटर बीजांत दोनशें ते चारशें कोटी शुक्रजंतु असतात आणि त्यांच्या एकत्र हालचालीनें भिंगाखालीं ढग फिरल्यासारखें दिसतें. एका नमुन्यावरून मात्र कोणालाही वांझ ठरवूं नये. ज्यांच्याजवळ भिंग नाहीं त्यांच्यासाठीं एक जुनाच उपाय उत्तम आहे: बोकडाच्या छातीला रंग फांसावा. ज्या शेळ्यांच्या पाठीवर रंग उमटला त्यांची नोंद ठेवावी, आणि सतराव्या-अठराव्या दिवशीं रंग बदलावा. बहुतेक शेळ्यांवर दुसराही रंग उमटूं लागला, तर शेळ्यांना दोष न देतां बोकड बदलावा.

महाराष्ट्रांत अडचण थोडी निराळी आहे. उस्मानाबादी जातींत शिंगाळ व भुंडीं अशीं दोन्ही प्रकारचीं जनावरें आढळतात, आणि येथील शेळ्या वर्षभर माजावर येत असल्यामुळें एक हंगाम बुडाला म्हणून वर्ष बुडत नाहीं. पण जें नर करडूं लवकर वाढतें, अंगानें भरतें, त्यालाच बाजारांत आधीं गिऱ्हाईक मिळतें. जत्रा किंवा ईद आली कीं तें जातें. मागें राहतो तो किरटा, आणि पुढची पिढी त्याच्यापासून होते. हें गरजेपोटीं घडतें, अज्ञानामुळें नव्हे. म्हणून उपदेशानें तें थांबत नाहीं.

यावर उपाय म्हणून कृत्रिम रेतनाकडे पाहिलें गेलें. १९४९ सालीं इंग्लंडांत पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनीं ग्लिसरीनच्या साहाय्यानें बीज गोठवून जिवंत ठेवण्याची रीत शोधली आणि वळूंच्या बाबतींत ती झपाट्यानें रूढ झाली. बोकडाच्या बीजानें मात्र निराळाच हट्ट धरला. बीज राखण्यासाठीं त्यांत अंड्यांतील पिवळा बलक मिसळीत. पण बोकडाच्या बीजद्रवांत बलक साकळविणारें एक पाचक द्रव्य असतें, हें रॉय यांनीं १९५७ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत दाखविलें. मग तो द्रव धुऊन काढणें, बलकाऐवजीं साय काढलेलें दूध वापरणें, असे मार्ग निघाले. फ्रान्समध्यें कोर्टील यांनीं त्यावर बराच काळ काम केलें. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनेंही शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचें काम हातीं घेतलें. गोठविलेल्या बीजाचा नमुना वितळवून भिंगाखालीं पाहतात, आणि पुरेसे शुक्रजंतु पोहतांना दिसले तरच त्या बोकडाचें बीज बाहेर जातें.