पात्याचें मोल

‘टाकीचे घाव सोसल्यावांचून देवपण येत नाहीं’ ही म्हण मराठी घरांत सर्वांच्या तोंडीं आहे. तींत दगडाच्या सोशीकपणाचें कौतुक आहे. टाकीचें मात्र नाहीं. औंढा नागनाथ येथील यादवकालीन मंदिराच्या भिंतींवर कोरलेल्या आकृति पाहतांनाही हेंच घडतें. प्रेक्षक शिल्पकाराची वाखाणणी करतो, दगडाची करतो. पण मराठवाड्याच्या या काळ्या पाषाणावर मऊ लोखंडाची टाकी टिकणें शक्य नव्हतें, हें त्याच्या मनांत येत नाहीं. टाकीची अणी पोलादी हवी, आणि ती बोथटली म्हणजे पुनः भट्टींत घालून तिला पाणी देणारा लोहार जवळ हवा. पाथरवटाच्या हाताइतकाच लोहाराचा हात त्या मूर्तींच्या मागें उभा आहे.

दुकानांत दोन सुऱ्या शेजारीं मांडलेल्या असतात. एकीची किंमत दुसरीच्या दसपट. विक्रेता सांगतो, ‘हिचें पोलाद निराळें आहे.’ हें पोलाद खरोखर त्या किंमतीचें असतें काय? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. औंढा ज्या हैद्राबाद संस्थानांत १९४८ पर्यंत होतें, त्याच संस्थानांत, निजामाबादकडील कोनसमुद्रम् या गांवीं, एके काळीं जगांत नांवाजलेलें पोलाद तयार होत असे.

डॉ. हेन्री व्हॉयसे या भूगर्भशास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील कृति पाहून लिहिलेलें वर्णन १८३२ मध्यें प्रसिद्ध झालें. दोन निरनिराळ्या ठिकाणचें लोखंड ठराविक प्रमाणांत घेऊन मातीच्या मुशींत घालीत, मूस बंद करीत आणि भट्टी दीर्घकाळ पेटती ठेवून आंतील धातु वितळवीत. हा माल घेण्यासाठीं इराणचे व्यापारी एवढा लांबचा प्रवास करून येत, गांवांत राहात आणि वजन व प्रत स्वतः तपासून घेत. लोखंड तर त्यांच्या देशांतही होतें. मग ते दाम कशाचे मोजीत होते? कोणतें लोखंड किती घ्यावें, आंच किती वेळ द्यावी आणि निवविण्यास किती सावकाशपणा हवा, या ज्ञानाचे ते दाम होते.

या जातीच्या पोलादास इंग्रजींत ‘वुट्झ’ असें नांव पडलें. तें कानडी ‘उक्कु’ शब्दाचा अपभ्रंश मानतात. १७९४ मध्यें मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनीं त्याचे नमुने लंडनला धाडले. पुढील वर्षीं जॉर्ज पिअर्सन यांनीं त्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. सुऱ्या व शस्त्रवैद्यकाचीं हत्यारें करणारा जेम्स स्टोडार्ट या पोलादाचा चाहता होता. त्याच्या जोडीनें मायकेल फॅरडे यांनीं त्याचा अभ्यास केला. फॅरडे हे स्वतः लोहाराचे पुत्र, हा योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. परंतु इंग्लंडांतील अनेक लोहारांच्या हातीं हें पोलाद घणाखालीं फुटून गेलें. त्यांत कर्बाचें प्रमाण शेंकडा दीडच्या आसपास असे, आणि नेहमींच्या लोखंडाप्रमाणें तें पांढरें होईपर्यंत तापविलें कीं तें ठिसूळ होई. माल तोच, हात निराळा. एवढ्यानें सोन्याची माती झाली.

येथें पोलादाचें मर्म कळतें. मऊ लोखंड लाल करून पाण्यांत बुडविलें तरी तें मऊच राहतें. कर्ब असलेलें पोलाद कठीण होतें, पण कांचेसारखें तडकूं लागतें. म्हणून त्यास पुनः बेतानें शेकावें लागतें. पृष्ठावर प्रथम फिकट पिवळा, मग तपकिरी, मग निळा रंग चढतो. धारेसाठीं पिवळ्याजवळ थांबावें, लवचीक कमानीसाठीं निळ्यापर्यंत जावें. यालाच आपल्या भाषेंत ‘पाणी देणें’ म्हणतात, आणि तेजस्वी माणसास आपण ‘पाणीदार’ म्हणतों. पोलाद ही केवळ शक्यता. पाणी हें तिचें फळ.

ग्राहकाची फसगत होते ती येथेंच, कारण पाणी डोळ्यांस दिसत नाहीं. खूण आणि नक्षी दिसते. मराठेशाहींत युरोपी पात्यास देशी मूठ बसविलेल्या ‘फिरंगी’ तलवारींचा लौकिक होता. लौकिकाबरोबर युरोपी खुणांची नक्कलही आली. वुट्झच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. व्हेर्‌हूवेन व पेंड्रे या अमेरिकन संशोधकांनीं १९९८ मध्यें दाखविलें कीं, ती नक्षी धातूंतील व्हॅनेडियमसारख्या द्रव्यांच्या सूक्ष्म अंशामुळें उत्पन्न होते. ती खऱ्या मालाची ओळख असेल, पण धारेची हमी नव्हे. आज तर तशी दिसणारी नक्षी आम्लानें किंवा यंत्रानें साध्या पात्यावरही उठवितां येते.

किंमत कशाची, हें विचारल्यावांचून ती रास्त कीं अवाजवी हें ठरत नाहीं. १९१३ मध्यें शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनीं क्रोमियम मिसळून न गंजणारें पोलाद केलें. अशी सुरी चिंच-लिंबानें काळवंडत नाहीं. परंतु न गंजणें निराळें आणि धार टिकणें निराळें. घरांतील जुनी विळी काळी पडते, तरी नीट पाजविली तर पिढ्यान्‌पिढ्या चालते.

गांवगाड्यांत लोहार बलुतेदार होता. विळे, कोयते, फाळ पाजवून दिल्याबद्दल सुगीस खळ्यावर त्याला धान्य मिळे. तें फार असे असें नव्हे. पण तें हाताच्या कामाचें मोल होतें, नांवाचें नव्हे. पुढें कारखान्यांतील स्वस्त पोलाद आलें. १८५६ मध्यें बेसेमरची रीत निघाल्यावर तर त्याचा पूर लोटला आणि दक्षिणेंतील मुशींच्या भट्ट्या विझल्या. जगानें त्या पोलादाची कीर्ति जपली. करणाऱ्याचें ज्ञान मात्र त्याच्याबरोबर गेलें, आणि आज प्रयोगशाळांना तें तुकड्यातुकड्यांनीं पुनः जुळवावें लागत आहे.

तेव्हां महाग सुरी घेऊं नये असें नाहीं. उत्तम पोलाद, त्यास दिलेलें नेमकें पाणी आणि बारीक घांसलेलें पातें यांसाठीं दुप्पट दाम दिले तरी तें धन वायां जात नाहीं. केवळ खुणेसाठीं दसपट दिले तर ते पात्याला पोंचत नाहींत, आणि पातें घडविणाऱ्यालाही नाहींत.