अरविंद जोशी

अरविंद कृष्ण जोशी (जन्म : पुणे, ५ ऑगस्ट १९२९, मृत्यू : फिलाडेल्फिया, ३१ डिसेंबर २०१७) हे भारतात जन्मलेले अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ आणि संगणकीय भाषाविज्ञानाच्या आद्य अभ्यासकांपैकी एक होते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी पाच दशकांहून अधिक काळ संशोधन व अध्यापन केले. मानवी भाषेचे व्याकरण यंत्राला हाताळता येईल अशा गणिती रूपात मांडायचे, तर त्या गणिताचे सामर्थ्य नेमके किती असावे, हा त्यांच्या संशोधनाचा मध्यवर्ती प्रश्न होता. गणित दुबळे घेतले तर भाषेतील काही रचना त्यात मावत नाहीत. अतिसमर्थ घेतले तर जगात कोठेही न आढळणारी भाषासुद्धा त्यात बसते, आणि मानवी भाषेविषयी त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. या दोहोंमधील जागा जोशी यांनी शोधली. त्यांचे 'वृक्ष-संयोजन व्याकरण' हे त्या शोधाचे फलित होय.

शिक्षण आणि आरंभीचा काळ

जोशी यांनी १९५० साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १९५२ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून संदेशवहन अभियांत्रिकीची पदविका मिळवली. त्यानंतर ते अमेरिकेस गेले. १९५४ ते १९५८ या काळात त्यांनी आर.सी.ए. या कंपनीत अभियंता म्हणून काम केले आणि १९६० साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. एनियाक हा सुरुवातीचा विख्यात इलेक्ट्रॉनिक संगणक याच विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये तयार झाला होता. भाषाविज्ञानाची रीतसर पदवी जोशी यांच्याजवळ नव्हती. संदेशवहनाच्या अभ्यासातून ते भाषेकडे वळले.

या वळणास कारण झाले झेलिग हॅरिस. हॅरिस हे त्याच विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ आणि नोम चॉम्स्की यांचे गुरू. त्यांच्या मार्गदर्शनाखाली जून १९५८ ते जुलै १९५९ या काळात युनिव्हॅक संगणकावर इंग्रजी वाक्यांचे व्याकरणिक पृथक्करण करणारा एक कार्यक्रम लिहिला गेला. लिला ग्लाइटमन, ब्रुरिया कॉफमन, नाओमी सेगर यांच्यासह जोशी त्या गटात होते. युनिव्हॅकची स्मृती अवघ्या १,००० शब्दस्थानांची होती, त्यामुळे वाक्य एका दमात न सोडवता टप्प्याटप्प्याने सोडवण्याची युक्ती योजावी लागली. आधी नामपदांचे समूह ओळखायचे, मग क्रियापदांचे, मग त्यांची सांधेजोड करायची. पुढे १९८०–९०च्या दशकांत हीच पद्धत नव्याने लोकप्रिय झाली. तेव्हा जोशी यांनी फिल होपली यांच्यासह तो जुना कार्यक्रम नव्या संगणकासाठी पुन्हा उभा केला आणि १९९६ साली त्याविषयी निबंध लिहिला. अडचणीपोटी शोधलेली वाट कधी कधी राजमार्ग ठरते, त्याचे हे उदाहरण मानता येईल.

वृक्ष-संयोजन व्याकरण

इंग्रजीत हे व्याकरण 'ट्री ॲडजॉइनिंग ग्रामर', संक्षेपाने 'टॅग', या नावाने ओळखले जाते. त्याचे बीज हॅरिस यांच्या एका विचारात आहे. कोणत्याही वाक्यात एक गाभा असतो आणि बाकीचे शब्द त्याला जोडलेले असतात, असे हॅरिस मानत. हा विचार जोशी यांनी गणितात आणला. लिऑन लेव्ही आणि मासाको ताकाहाशी यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध १९७५ साली प्रसिद्ध झाला.

शाळेत वाक्य-पृथक्करण शिकलेल्या वाचकास हे व्याकरण समजणे कठीण जाऊ नये. 'मुलाने आंबा खाल्ला' या वाक्यातील 'खाल्ला' हे क्रियापद एकटे नसते. खाणारा कोण आणि खाल्ले काय, या दोन रिकाम्या जागा ते सोबत घेऊनच येते. जोशी यांच्या व्याकरणात प्रत्येक शब्दाशी असा एक छोटा वृक्ष निगडित असतो आणि शब्दाला लागणाऱ्या सर्व जागा त्या एकाच वृक्षात असतात. अशा वृक्षांवर दोनच क्रिया घडतात. रिकाम्या जागी दुसरा वृक्ष बसवणे ही पहिली. तिने 'मुलाने' आणि 'आंबा' ही पदे आपापल्या जागी येतात. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, क्रिया संयोजनाची. तिच्यात तयार वृक्षाची एखादी फांदी मधेच उकलून तेथे नवा वृक्ष घातला जातो व उरलेला भाग त्याच्या खाली पुन्हा जोडला जातो. 'गोड आंबा' यातील 'गोड' असे येते. 'कोणते पुस्तक रमाने वाचले असेल?' या वाक्याच्या मधोमध 'तुला वाटते' घालून 'कोणते पुस्तक तुला वाटते रमाने वाचले असेल?' असे म्हणता येते. 'पुस्तक' आणि 'वाचले' एकमेकांपासून दूर गेले तरी त्यांचे नाते तुटत नाही, कारण ते आरंभी एकाच वृक्षात जोडलेले होते.

या क्रियेने व्याकरणाचे सामर्थ्य किती वाढते, हा पुढचा प्रश्न. चॉम्स्की यांनी १९५६ साली व्याकरणांची सामर्थ्यानुसार उतरंड मांडली होती. तिच्यातील 'संदर्भमुक्त' व्याकरण संगणकासाठी सोयीचे असते; एकात एक बसवलेल्या रचना ते उत्तम हाताळते. मराठीत अशा रचना सहज होतात. 'रमेशने सुरेशला गणपतला पोहायला शिकवायला सांगितले' या वाक्यात शेवटच्या नामाची जोडी पहिल्या क्रियारूपाशी आहे, मधल्याची मधल्याशी आणि पहिल्याची शेवटच्याशी. डब्यात डबा ठेवावा तशी ही मांडणी आहे. डच भाषेत मात्र अशा वाक्यांत क्रियापदांचा क्रम उलटा असतो. पहिल्या नामाची जोडी पहिल्या क्रियापदाशी, दुसऱ्याची दुसऱ्याशी, आणि नात्यांच्या रेषा एकमेकींना छेदतात. स्टुअर्ट शीबर यांनी १९८५ साली स्विस जर्मन भाषेच्या आधारे सिद्ध केले की अशा रचना संदर्भमुक्त व्याकरणाच्या आवाक्याबाहेर आहेत.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या निबंधात जोशी यांनी 'सौम्य संदर्भसापेक्ष' व्याकरणांची कल्पना मांडली. छेदणारी नाती मर्यादित प्रमाणात हाताळता यावीत, वाक्य सोडवण्यास लागणारा वेळ आटोक्यात राहावा आणि त्याहून अधिक शक्ती व्याकरणाला देऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. आटोक्यात म्हणजे किती? वाक्याची लांबी दुप्पट झाली तर संदर्भमुक्त व्याकरणाच्या नेहमीच्या रीतीने वेळ फार तर आठपट होतो. वृक्ष-संयोजन व्याकरणासाठी के. विजयशंकर आणि जोशी यांनी दिलेल्या रीतीत तो ६४ पट होऊ शकतो. हा खर्च लहान नाही, पण तो अनावर होत जात नाही, हे महत्त्वाचे.

या कल्पनेला मोठे पाठबळ मिळाले ते विजयशंकर आणि डेव्हिड वीअर या त्यांच्या विद्यार्थ्यांकडून. वेगवेगळ्या अभ्यासकांनी वेगवेगळ्या हेतूंनी रचलेली चार व्याकरणे, ज्यांत मार्क स्टीडमन यांचेही एक होते, सामर्थ्याच्या दृष्टीने एकच आहेत, हे त्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले. चार जण चार दिशांनी निघून एकाच ठिकाणी पोहोचावेत, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

जोशी यांनी या व्याकरणाचा संबंध मानवी मनाशीही जोडला. जर्मन भाषकांना आपली डब्यात डबा पद्धतीची वाक्ये जितकी जड जातात, त्याहून डच भाषकांना आपली छेदणारी वाक्ये सोपी जातात, असे १९८६ सालच्या एका प्रयोगात आढळले होते. १९९० साली जोशी यांनी आपल्या व्याकरणाशी सुसंगत अशा कल्पित यंत्राच्या आधारे या निष्कर्षाचे स्पष्टीकरण दिले. १९९०च्या दशकात संख्याशास्त्रीय पद्धतींचा जोर वाढला, तेव्हाही ते बाजूला राहिले नाहीत. बंगळूर श्रीनिवास यांच्यासह त्यांनी 'सुपरटॅगिंग' ही पद्धत विकसित केली. शब्दाला नुसते नाम किंवा क्रियापद असे लेबल न लावता त्याचा संपूर्ण वृक्षच, शेजारच्या शब्दांवरून संभाव्यता पाहून, निवडायचा. मग पृथक्करणाचे बहुतेक काम आधीच उरकलेले असते.

मराठी–इंग्रजी मिश्र वाक्यांचा अभ्यास

मराठी वाचकांच्या दृष्टीने जोशी यांचा सर्वांत लक्षणीय निबंध १९८२ सालचा आहे. प्राग येथील संगणकीय भाषाविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सादर केलेल्या या निबंधाचा विषय होता एकाच वाक्यात दोन भाषा मिसळणे, आणि त्याची सामग्री होती मराठी–इंग्रजी बोलणाऱ्यांची वाक्ये. अशा बोलण्याला 'धेडगुजरी' म्हणून नाक मुरडण्याची आपल्याकडे रीत आहे. जोशी यांनी मात्र त्यात नियम शोधले.

त्यांचे प्रतिपादन असे की मिश्र वाक्यात दोन भाषांचा दर्जा समान नसतो. एक भाषा यजमान असते आणि दुसरी पाहुणी. वाक्याचा सांगाडा यजमान भाषेचा राहतो. पाहुण्या भाषेचे शब्द व पदसमूह त्यात येऊ शकतात, पण उलट दिशेने बदल होत नाही. शिवाय विभक्तीचे प्रत्यय, शब्दयोगी अव्यये, काळदर्शक रूपे, परिमाणवाचक शब्द अशा मोजक्या, बंदिस्त गटातील घटकांची सुटी अदलाबदल होत नाही. 'चेअरवर बस' असे कोणीही म्हणते. 'खुर्ची ऑन बस' असे कोणीच म्हणत नाही. 'मी उद्याची मीटिंग अटेंड करणार आहे' या वाक्यात महत्त्वाचे दोन शब्द इंग्रजी असले तरी वाक्य मराठीच आहे, कारण 'करणार आहे' मराठी आहे. यजमान व पाहुणी भाषेचा हा भेद कॅरल मायर्स-स्कॉटन यांनी १९९३ साली आपल्या सिद्धान्तात पुढे नेला आणि तो आफ्रिकी भाषांच्या अभ्यासात रुजला. भ्रमणध्वनीवरील संदेशांतली मिश्र भाषा संगणकाला समजावून देण्याचा प्रश्न आज ऐरणीवर आहे. त्यामुळे हा जुना निबंध पुन्हा वाचण्याजोगा झाला आहे.

वाक्यापलीकडील भाषा

'सुधाने मंदाला फोन केला. तिने तिला जेवायला बोलावले.' येथे बोलावले कोणी? ऐकणारा बहुधा सुधा असे धरतो. का धरतो, याचा शोध जोशी यांनी स्टीव्ह कून आणि स्कॉट वाइनस्टाइन यांच्याबरोबर सुरू केला. पुढे बार्बरा ग्रॉस आणि वाइनस्टाइन यांच्यासह त्यांनी 'सेंटरिंग' सिद्धान्त मांडला. प्रत्येक वाक्याचे लक्ष एखाद्या व्यक्तीवर वा वस्तूवर केंद्रित असते आणि पुढच्या वाक्यातील सर्वनाम त्या केंद्राकडे आधी झुकते, असे हा सिद्धान्त सांगतो.

प्रामाणिक उत्तर कसे असावे, याचाही त्यांनी विचार केला. 'परीक्षेत किती विद्यार्थी नापास झाले?' या प्रश्नाला संगणकाने 'एकही नाही' असे उत्तर दिले आणि मुळात परीक्षाच झाली नसेल, तर ते उत्तर खरे असूनही दिशाभूल करते. जेरोल्ड कॅप्लान यांनी जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली अशी चुकीची गृहीतके ओळखून दुरुस्त करणारी प्रणाली तयार केली. पुढे बॉनी वेबर आणि राल्फ वाइशेडेल यांच्यासह जोशी यांनी या विषयावर आणखी लेखन केले.

'कारण', 'पण', 'म्हणून' यांसारखे शब्द कोणत्या दोन विधानांना जोडतात, याची नोंद करणारा पेन डिस्कोर्स ट्रीबँक हा त्यांच्या उत्तरायुष्यातील मोठा प्रकल्प. त्याची दुसरी आवृत्ती २००८ साली निघाली. सुमारे दहा लाख शब्दांच्या इंग्रजी वृत्तपत्रीय मजकुरातील ४०,००० हून अधिक संबंध तिच्यात नोंदलेले आहेत. त्याच धर्तीवर हिंदीसाठीही काम सुरू झाले आणि त्यात जोशी यांचा सहभाग होता.

अध्यापन आणि संस्था

१९७२ ते १९८५ या काळात जोशी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९९०च्या सुमारास त्यांनी लिला ग्लाइटमन यांच्यासह बोधन-विज्ञानाच्या संशोधनासाठी एक संस्था उभारली. युनिव्हॅकवर एकत्र काम केलेले हे दोघे तीस वर्षांनंतर तिचे सहसंचालक झाले. संगणकशास्त्र, भाषाविज्ञान, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान आणि गणित या विषयांचे अभ्यासक तेथे एकत्र बसत. मिच मार्कस यांनी सिद्ध केलेला पेन ट्रीबँक हा पृथक्कृत वाक्यांचा संग्रहही याच विद्यापीठात घडला, आणि जगभरातील भाषा-संगणनाचा तो दीर्घकाळ मापदंड राहिला.

स्वयंचलित सारांशलेखनासाठी ख्यातनाम झालेल्या कॅथलीन मकिओन, तसेच एस. राव कोसराजू, राल्फ वाइशेडेल आणि ओवेन रॅम्बो हे त्यांचे विद्यार्थी. कॅप्लान पुढे उद्योजक झाले आणि १९८७ साली त्यांनी लेखणीने चालणारे संगणक तयार करण्यासाठी 'गो' ही कंपनी स्थापन करण्यात पुढाकार घेतला.

सन्मान

१९७५ साली जोशी संगणकीय भाषाविज्ञान संघटनेचे अध्यक्ष होते. याच संघटनेने २००२ साली जीवनगौरव पुरस्कार सुरू केला आणि पहिला पुरस्कार जोशी यांना दिला. १९९७ साली त्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आंतरराष्ट्रीय संयुक्त परिषदेचा संशोधन-उत्कृष्टता पुरस्कार मिळाला. जॉन मॅकार्थी, ॲलन न्यूएल, मार्विन मिन्स्की आणि हर्बर्ट सायमन हे त्याचे आधीचे मानकरी. १९९९ साली ते अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवडून आले. २००३ साली त्यांना बोधन-विज्ञानातील रूमेलहार्ट पुरस्कार आणि २००५ साली बेंजामिन फ्रँकलिन पदक देण्यात आले. रूमेलहार्ट पुरस्काराचे पहिले मानकरी जेफ्री हिंटन होते. त्यांच्या मज्जाजालांच्या मार्गाने आजची भाषिक प्रारूपे तयार होतात आणि त्यांत व्याकरण आधी लिहून दिलेले नसते. जोशी यांचा मार्ग व्याकरणापासून सुरू होत असे. एकाच पुरस्काराने दोन वर्षांच्या अंतराने दोन्ही मार्गांचा गौरव केला.