भाकड म्हशीचा हिशेब

मुंबईच्या दुधाचा इतिहास सांगताना आपण आरेचं रान सांगतो, आणंदहून येणारं दूध सांगतो. त्याच दुधापायी पोटात पारडू असलेल्या म्हशी कापल्या गेल्या, हा विषय मात्र कुणी काढत नाही. मी पशुवैद्यक. नोकरीतली बरीच वर्षं म्हशींची गर्भतपासणी करण्यात गेली, म्हणून हा विषय मला सोडवत नाही.

शहरातल्या तबेल्याचा व्यवहार रोकडा होता. गुजरात, हरियाणाकडून ताजी व्यालेली म्हैस आणायची, दूध काढायचं. जागा महाग, वैरण विकतची. पारडू दुधाला भागीदार, म्हणून ते उपासमारीनंच जायचं. म्हैस दहा महिन्यांहून जास्त काळ गाभण असते. आटल्यापासून पुन्हा विईपर्यंत तिला बिनदुधाची पोसणार कोण? भाकड गेली की दलाल, आणि दलालाकडून वांद्र्याचा कत्तलखाना. 1971 पासून देवनार. त्यात भर फुंक्याची: पान्हा सोडावा म्हणून जनावराच्या योनीत हवा फुंकायचे, त्या फुंक्याचं वर्णन ऐकून गांधीजींना दुधाचीच शिसारी आली. 1960 च्या कायद्यानुसार फुंका गुन्हा आहे. फुंक्यानं म्हैस वांझ व्हायची आणि कत्तलीच्या रांगेत लागायची. पण जी फळलेली असे, तीही त्याच रांगेत चाले.

1949 साली दूधव्यवसायातले जाणकार दारा खुरोडी यांनी आरे वसाहत उभी केली. शहरातले तबेले तिथं न्यायचे, हा उद्देश. सुमारे 16,000 म्हशींची सोय झाली. मोठं काम होतं ते. पण आटलेल्या म्हशीला पोसण्याचा खर्च कुणाच्या अंगावर, हा प्रश्न गोठा हलवून सुटणारा नव्हता. 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कत्तलबंदीविरुद्धच्या कुरेशी खटल्यात म्हटलं की, दुधाच्या किंवा विण्याच्या कामाची उरली नाही अशी म्हैस कापण्यावर बंदी टिकणार नाही. मग गाभण म्हैस बिनकामाची कशी? पण ती गाभण आहे हे आधी कळायला हवं.

आणि ते डोळ्यांना कळत नाही. चार महिन्यांपर्यंत पोट काही सांगत नाही. मोजा चढवून हात कोपराच्या वर गुदमार्गात घालावा लागतो. तिसऱ्या महिन्यात गर्भाशयाचं एक शिंग दुसऱ्यापेक्षा फुगीर लागतं. पाचव्याच्या सुमाराला गर्भाशय खाली पोटात उतरतं, पारडू हाताला येत नाही, पण गर्भाशयाच्या धमनीवर बोट ठेवलं की ती थरथरते. शेवटच्या महिन्यांत खूर चिमटीत धरला तर आतून पाय मागे ओढला जातो. तो पाय ज्यानं एकदा अनुभवला, त्याला 'भाकड' असा शिक्का मारताना हात जड होतो.

आपला नियम कडक आहे. 2001 च्या कत्तलखाना नियमांनुसार गाभण जनावर कापता येत नाही, मग ते कितव्याही महिन्यात असो. जर्मनीनं 2017 मध्ये बंदी घातली तीही गाभणपणाच्या शेवटच्या तिसऱ्या भागापुरती, आणि त्यातून शेळ्या-मेंढ्या वगळल्या. आपल्याच नियमात एका डॉक्टरनं तासाला 12, दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरं तपासू नयेत असंही लिहिलंय. म्हणजे एका जनावराला पाच मिनिटं. बांधायला धड खोडा नाही, म्हैस बुजलेली, मागे व्यापाऱ्याची घाई, अशात ती पाच मिनिटं किती उरतात?

खाटकाला दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. त्याच्यापर्यंत म्हैस येते तेव्हा निर्णय झालेला असतो. तो गोठ्यात, वैरणीच्या भावानं झालेला असतो. तपासणीही तिथंच व्हायला हवी. म्हणून म्हशी सांभाळणाऱ्यांना माझी विनंती आहे: म्हैस आटली आणि दलालाला फोन करावासा वाटला, तर त्याआधी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा आणि ती तपासून घ्या. गाभण निघाली तर विकू नका. पोसणं अगदीच झेपत नसेल, तर पाळणाऱ्याला द्या.