युआन श्वांगने पाहिलेला मराठी स्वभाव

इ.स. ६४१ च्या सुमारास चिनी यात्रेकरू युआन श्वांग महाराष्ट्रात आला. इथली माणसे मानी, उपकार स्मरणारी, अपमानाचा सूड घेणारी. पण सूड घेण्याआधी शत्रूला सावध करणारी, अशी त्याची नोंद आहे. सम्राट हर्षालाही हे लोक नमले नाहीत, हे त्याचे निरीक्षण महाराष्ट्रात हमखास सांगितले जाते.

त्याच वर्णनातील उरलेला भाग मात्र सहसा गाळला जातो. पराभूत सेनापतीला देहदंड नसे. त्याला स्त्रीवेश दिला जाई आणि लाजेपायी तो मरण पत्करी. मद्य पिऊन युद्धाला निघालेल्या योद्ध्यांनी वाटेत कुणाला ठार केले, तरी त्यांना शिक्षा होत नसे.

शिवाय हर्षाला रोखणारा राजा होता चालुक्य दुसरा पुलकेशी. त्याची राजधानी वातापी, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बदामी. इ.स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखानुसार ९९,००० गावांच्या तीन महाराष्ट्रकांचे स्वामित्व त्याने मिळवले होते. आजच्या राज्यसीमा त्या अभिमानाला ठाऊकच नव्हत्या.

शके ७०० मध्ये, दूर जालोर येथे, उद्द्योतनसूरीने ‘कुवलयमाला’ पूर्ण केली. तिच्यातील बाजारात मराठे व्यापारीही भेटतात: काटक, सावळे, सोशिक, अभिमानी. आणि हो, भांडखोरसुद्धा.