लिहून ठेवले, पण सापडेल कसे? युनिक्सच्या ‘मॅन’ पानांचा इतिहास 🧵

१/८
टर्मिनलवर ‘मॅन’ लिहून पुढे एखाद्या आज्ञेचे नाव दिले, की तिची माहिती समोर येते. ‘मॅन’ हे ‘मॅन्युअल’चे लघुरूप. या छोट्या आज्ञेमागे अर्धशतकाहून मोठा इतिहास आहे.

२/८
१९६९ साली न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा आरंभ झाला. विभागप्रमुख डग मॅकइलरॉय यांनी लेखी पुस्तिकेचा आग्रह धरला. केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी ती लिहिली. पहिल्या आवृत्तीवर दिनांक आहे ३ नोव्हेंबर १९७१.

३/८
त्याच सुमारास बेलच्या पेटंट विभागातील टंकलेखक युनिक्सवर अर्ज तयार करू लागले. मजकुराची मांडणी करणारा ‘रॉफ’ हा प्रोग्राम पुस्तिकेसाठीही वापरला गेला. पुस्तिका मुळातच संगणकात असल्यामुळे पुढे ती थेट टर्मिनलवर वाचता येऊ लागली.

४/८
प्रत्येक पानाचा साचा ठरलेला होता: नाव, वापरण्याची रीत, वर्णन, ‘हेही पाहा’ आणि ‘दोष’. आपल्याच प्रोग्राममधील उणिवा कर्त्यांनी स्वतः नोंदवून ठेवल्या. इतिहासाच्या अभ्यासकाला असा प्रांजळ दस्तऐवज क्वचितच लाभतो!

५/८
मात्र एक पेच उरला. पान उघडायचे तर आज्ञेचे नाव आधी ठाऊक हवे. नवख्याला काम ठाऊक असते, नाव नसते. फाईलमधील शब्द शोधणाऱ्या आज्ञेचे नाव ‘ग्रेप’ असेल, हे त्याला कसे सुचावे?

६/८
छापील पुस्तिकेत यावर एक सूची आली. पानाच्या एका ओळीच्या परिचयातील प्रत्येक महत्त्वाचा शब्द तीत वर्णानुक्रमे लावलेला असे. कोणत्याही शब्दावरून पानापर्यंत पोहोचता येई. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बर्कलेच्या बिल जॉय यांनी ‘अ‍ॅप्रोपो’ ही आज्ञा लिहिली. ती हाच शोध टर्मिनलवर घेते. साहजिकच, ती एक ओळ नीट लिहिलेली नसेल, तर उत्तम पानही हाती लागत नाही.

७/८
काळाबरोबर पाने लांबत गेली. ‘बॅश’चे पान तर एका पुस्तकाएवढे आहे. २०१३ साली सुरू झालेल्या ‘टीएलडीआर पेजेस’ या उपक्रमात स्वयंसेवक प्रत्येक आज्ञेची केवळ नित्याची उदाहरणे देतात. सविस्तर माहितीसाठी मूळ पान असतेच.

८/८
सूची नसलेल्या दफ्तरात बसलेल्या प्रत्येकाला हा पेच परिचित आहे. कागद जपणाऱ्याइतकेच सूची करणाऱ्याचेही आपल्यावर ऋण असते. लिनक्स वा मॅक हाताशी असेल, तर आज ‘मॅन मॅन’ ही आज्ञा देऊन पाहा. ती स्वतःचीच ओळख करून देईल.